जातीचा मार बसलेल्यांसाठी सोबतगट कसा चालवायचा

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला माझी झोप उडाली. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मी पुण्यात शिकायला आले होते. आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. रात्री दोन-अडीचला छातीत धडधडायला लागायचं, हातपाय गार पडायचे. एका मैत्रिणीनं मला कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई मायाळू होत्या, पाणी दिलं, दार लोटून घेतलं. मी त्यांना सांगितलं की माझं आडनाव कळल्यापासून खोलीतल्या दोघी माझ्या बादलीला हात लावत नाहीत, माझी ओढणी चुकून त्यांच्या दोरीवर गेली तर काठीनं उचलून खाली टाकतात. बाईंनी वहीतून मान वर केली आणि विचारलं, "पण हे जातीमुळेच होतंय, अशी तुझी खात्री आहे का? स्वच्छतेचं वगैरे काही असेल."

पुढची वीस मिनिटं मी माझी बादली किती स्वच्छ असते ते सांगत बसले. परत कधी त्या खोलीत गेले नाही.

पुढे मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि २०१८ पासून दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींचा एक सोबतगट चालवते. अनेकजण विचारतात, आमच्या गावात, आमच्या कॉलेजात असं काही सुरू करायचंय, कसं करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय. यात येणारे प्रसंग त्या त्या माणसांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहिले आहेत. सगळ्यात आधी एकच सांगते, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं: आमच्या गटात कुणाकडेही पुरावा मागत नाहीत. माणूस म्हणाला की मला जातीवरून टोचलं, तर तिथून पुढे बोलायचं. ते खरं की खोटं, हेतू होता की नव्हता, हे ठरवायला कोर्ट आहे, समिती आहे. गट त्यासाठी नाही.

आता सोबतगट म्हणजे काय ते थोडक्यात. ज्यानं स्वतः तो मार खाल्लाय आणि त्यातून थोडा सावरलाय, असा माणूस दुसऱ्या तशाच माणसासोबत बसतो. तो डॉक्टर नसतो आणि डॉक्टरचा आवही आणत नाही. अमेरिकेत साम्सा नावाची सरकारी संस्था आहे. तिनं २०१४ साली मनावरच्या आघाताचं भान ठेवून मदत कशी करावी याची सहा तत्त्वं मांडली. सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, सोबत्यांचा आधार, मिळून काम करणं, माणसाच्या हातात निवड आणि आवाज देणं, आणि सहावं म्हणजे संस्कृती, इतिहास आणि लिंगभाव यांचं भान. पहिली पाच सगळे मान डोलावून घेतात. सहावं मात्र पोस्टरवरच राहतं. हे तिकडेही झालं. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा जो मोठा अभ्यास १९९८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाला, तो सॅन डिएगोतल्या एका आरोग्यविमा योजनेच्या सभासदांवर केलेला होता. त्यातले बहुतेक गोरे आणि कॉलेजात गेलेले. त्यांना विचारलेले प्रश्न घराच्या चार भिंतींच्या आतले होते: मारहाण, दारू, आईबापाची फारकत. वंशभेद त्या यादीत नव्हता. पुढे फिलाडेल्फियात प्रश्नावली वाढवली, तेव्हा वंशावरून मिळालेली वागणूक आणि वस्तीतली असुरक्षितता हे प्रश्न त्यात आले. आपल्याकडच्या दवाखान्यातल्या फॉर्मवरही "घरात कुणाला मानसिक आजार होता का?" हे असतं, "गावात पाणी कुठून भरत होता?" हे नसतं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊनच. त्यामुळे तिकडच्या कृष्णवर्णीयांनी जे शिकून ठेवलंय ते आपण घ्यावं, यात मला काही परकं वाटत नाही. घ्यायचं मात्र सहावं तत्त्व पहिलं धरून.

जागेपासून सुरुवात

जागा शोधताना आपण भाडं, पंखा आणि संडास बघतो. सुरक्षित कुणासाठी, हे बघायचं राहून जातं. पहिल्या वर्षी आम्हाला एका ओळखीच्या माणसानं फुकट खोली दिली होती. हवेशीर, बसस्टॉपपासून दोन मिनिटांवर. पारधी वस्तीतून आलेला एक मुलगा पहिल्या मंगळवारी आला, दाराशी बसला, एक शब्द बोलला नाही, पुन्हा आला नाही. दोन महिन्यांनी तो रस्त्यात भेटला. म्हणाला, "ताई, खालीच पोलीस चौकी आहे ना." आम्हाला वाटलं होतं, चौकी जवळ आहे म्हणजे मुलींना रात्री बरं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून भटके-विमुक्त लोक तो दिवस विमुक्त दिन पाळतात. या जमातींना जिथे डांबून ठेवायचे त्या वसाहतीला सेटलमेंट म्हणत, सोलापुरात अजून एका भागाला तेच नाव आहे. कायदा कागदावरून गेला, पण कुठे चोरी झाली की वस्तीत गाडी येते ती येतेच. त्या मुलानं आपल्या काकाला पोलिसांनी उचलून नेताना डोळ्यांदेखत पाहिलेलं. खाकी दिसली की त्याचं पोट ढवळायचं. आम्ही खोली बदलली. आता भाडं द्यावं लागतं, ते देतो.

म्हणून जागा ठरवण्याआधी येणाऱ्या तिघाचौघांना घेऊन तिथे जा. रस्त्यानं चालत जा, जिना चढा. तिथे पाच मिनिटं बसा आणि विचारा, इथे कुठे नजर जाते? भिंतीवर कुणाचे फोटो आहेत? खालचा दुकानदार आडनाव विचारतो का? दाराजवळ बसायला जागा ठेवा, कारण काहीजणांना उठून जाता येईल एवढ्या भरवशावरच बसता येतं. खुर्च्यांपेक्षा सतरंजी बरी असं मला वाटायचं, पण एक मुलगी म्हणाली, "गावात आम्ही खालीच बसायचो, ते खुर्चीवर." तेव्हापासून दोन्ही ठेवतो, ज्याला जिथे बसायचं तिथे बसतो, आणि मी कधीच सगळ्यांपेक्षा उंच बसत नाही.

चहाचं तर अगदी नीट बघा. सगळ्यांना एकाच प्रकारचे स्टीलचे पेले. कागदी कप आणू नका. वापरून फेकायचा कप पाहिला की गावच्या हॉटेलात बाहेर वेगळी ठेवलेली कपबशी आठवणारी माणसं तुमच्या गटात असतील. पेले आम्ही आळीपाळीनं विसळतो, मीसुद्धा. एकदा नवीन आलेल्या मुलानं माझ्या हातातून माझा उष्टा पेला काढून घेतला आणि धुतला, आणि मग बराच वेळ तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला. मी काही विचारलं नाही. त्या दिवशी तो पहिल्यांदा बोलला.

सोबती कुणाला म्हणायचं

एकाच प्रवर्गाचा म्हणजे सोबती, असं धरून चाललात तर फसाल. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

मी मातंग. माझे वडील हलगी वाजवतात. लहानपणी थंडीत ते शेकोटीवर हलगी धरायचे, कातडं तापलं की बोटानं टिचकी मारून आवाज बघायचे. तो टणकारा आला की माझ्या अंगात बळ यायचं. गटात एखाद्याचा जीव घाबरा झाला, डोकं बधिर झालं, तर त्याला हळूहळू परत जमिनीवर आणायला ठेका फार कामाला येतो असं मी वाचलं होतं, अनुभवलंही होतं. म्हणून एका मंगळवारी मी पत्र्याचा डबा आणला आणि सगळ्यांना मांडीवर थाप धरायला लावली. मजेत चाललं होतं. तेवढ्यात माझ्याच जातीचा, माझ्याच शेजारच्या तालुक्यातला एक मुलगा उठला, बाहेर गेला आणि जिन्यात ओकला. त्याच्या गावात वडील आजारी असताना, बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री, त्याला घरातून बोलावून नेऊन वरातीपुढे पहाटेपर्यंत वाजवायला लावलं होतं. नाही म्हटल्यावर काय झालं ते त्यानं नंतर सांगितलं, ते इथे लिहीत नाही. जो आवाज माझं औषध, तोच त्याचा घाव. जात एक, तालुका शेजारचा, वाद्य एक.

त्या दिवसापासून कुठलीही गोष्ट करायच्या आधी मी सांगते की आता हे करणार आहोत, ज्याला नको त्यानं करू नये, कारण सांगायची गरज नाही. डोळे मिटायला कुणाला सांगत नाही. ओंकार, प्रार्थना, मंत्र काही घेत नाही. घाबरा जीव शांत करायला आमच्याकडे साधे उपाय आहेत: दोन्ही पाय फरशीवर टेकवणं, गार पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरणं, खोलीतल्या पाच निळ्या वस्तू शोधणं. हेही नको असेल तर खिडकीशी जाऊन उभं राहणं.

गटातली आपापसातली उतरंडही डोळ्याआड करू नका. बौद्ध घरातली मुलं संख्येनं जास्त असली की "जय भीम"नं सुरुवात आपोआप होते. मला ते म्हणताना अभिमान वाटतो. पण कोकणा किंवा भिल्ल घरातून आलेली मुलगी, वडार वस्तीतला मुलगा, मुसलमान खाटीक घरातली मुलगी यांना पहिल्या पाच मिनिटांतच आपण पाहुणे आहोत असं वाटू शकतं. आम्ही ठरवलं की ज्यानं त्यानं आपापल्या रीतीनं नमस्कार करायचा. आणि मुलगे बोलायला लागले की मुली गप्प होतात, हे तर प्रत्येक मंगळवारी दिसतं. म्हणून महिन्यातला एक मंगळवार फक्त मुलींचा आहे. त्यावर सुरुवातीला कुरबूर झाली, अजूनही अधूनमधून होते. आम्ही तो बदललेला नाही.

सवर्ण मित्रमैत्रिणींना आत घ्यायचं का, हा प्रश्न येणारच. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. त्यांचा हेतू वाईट असतो असं नाही. पण ते खोलीत असले की बोलणारा नकळत त्यांना समजेल अशा बेतानं बोलायला लागतो, धार कमी करतो, "सगळेच तसे नसतात" हे मध्ये घालतो. आणि त्यांना वाईट वाटलं तर समजूत घालण्याचं कामही आपल्याच गळ्यात पडतं. त्यांना दुसरी कामं द्या, ती मोलाची आहेत. आमच्या खोलीचं निम्मं भाडं कॉलेजातली एक मैत्रीण देते, तिनं आजवर गटात येण्याचा हट्ट धरलेला नाही. एक निवृत्त प्राध्यापक अर्ज लिहून देतात आणि कार्यालयात सोबत जातात, कारण त्यांच्या आडनावाला खिडकीवर खुर्ची मिळते.

दीड तास कसा जातो

आठ ते दहा माणसं पुरे. बारा झाली की दुसरा गट काढा. चालवायला नेहमी दोघं हवीत, एकटीनं कधीच नाही. एकजण बोलणाऱ्याकडे बघतो, दुसरा बाकीच्यांकडे. कुणाचा पाय हलायला लागला, कोण मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलंय, कोण बराच वेळ श्वास धरून आहे, ते दुसऱ्यानं टिपायचं.

सुरुवातीला मी दर वेळी हेच बोलते, शब्द बदलत नाही, कारण ठरलेले शब्द ऐकून माणूस सैल होतो: "इथे बोललेलं इथेच राहील. तीन गोष्टी सोडून: कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी दुसऱ्याच्या जिवावर उठणार असेल, किंवा अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झालेला कळला, तर आम्हाला पुढे सांगावं लागेल, आणि ते तुम्हाला सांगूनच करू. बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणा. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. कुणाची भाषा सुधारायची नाही." अठरा वर्षांखालची ती अट २०१२ च्या पॉक्सो कायद्यामुळे आहे. त्यात कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे आधीच न सांगता नंतर कळवलं तर विश्वास कायमचा जातो.

भाषेचं वाक्य तुम्हाला किरकोळ वाटेल. पुण्यात "पानी" म्हटलं की लोक हसतात. आमच्या गटात एक मुलगी चार आठवडे फक्त मान हलवून उत्तरं द्यायची. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. ती प्रत्येक वाक्यातला न आणि ण मनात आधी तपासायची, आणि तोवर पाळी पुढे गेलेली असायची. तिच्या वर्गात एका सरांनी तिला फळ्यासमोर उभं करून "लोणी" हा शब्द अकरा वेळा म्हणायला लावला होता. ती मोजत होती. मी हल्ली मुद्दाम माझ्या गावच्या बोलीत बोलते, "काय करूलालीस", "कुटं गेलतीस". पहिल्यांदा ऐकून ती हसली आणि म्हणाली, "ताई, तुमी आमच्याकडच्याच हाव की."

मग एक फेरी होते. आठवडा कसा गेला ते प्रत्येकजण एका वाक्यात सांगतो. नंतर ज्याला वेळ हवा तो मागतो, अशा दोघातिघांनाच पुरेसा वेळ मिळतो. शेवटची पंधरा मिनिटं जड काही काढायचं नाही: घरी जाताना कोण कुणासोबत जातंय, रात्री काय जेवणार, उद्या सकाळी काय आहे. उघडी जखम घेऊन कुणाला बसमध्ये बसवू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. कुणीतरी सांगतो, "माझ्या ताटाशेजारून सगळे उठले." तुम्ही काय बोलाल? "असं मनाला लावून घेऊ नको" हे प्रेमानं म्हटलेलं असतं, पण त्यानं माणसाचं तोंड बंद होतं. "माझ्याबरोबर तर याहून वाईट झालं" यानंही बंद होतं. "बाबासाहेबांनी किती सोसलं, आपण तर काहीच नाही" हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि त्या मुलाची मान कशी खाली गेली तेही पाहिलंय. बाबासाहेबांची उंची कुणाच्या दुःखावर ठेवायचं वजन नव्हे. आम्ही म्हणतो, "हे झालं तुझ्यासोबत." एवढंच. मग गप्प बसतो. मग विचारतो, "आत्ता अंगात कुठे जाणवतंय?" किंवा "तेव्हा तुझ्या बाजूनं कुणी होतं का?" तो दुसरा प्रश्न मला फार आवडतो. कधी उत्तर येतं की कुणी नव्हतं, आणि ते म्हणतानाच त्याला दिसतं की आता समोर नऊजण बसलेत. कधी उत्तर येतं की भांडी घासणाऱ्या मावशींनी हळूच एक पोळी जास्त वाढली होती.

रागाला घाबरू नका. रडणाऱ्याजवळ सगळे सरकतात, रागावलेल्यापासून लांब होतात. आमच्या मुलामुलींना बाहेर राग दाखवायची सोयच नसते, दाखवला की "ही असलीच असतात" तयार असतं. मोठ्या आवाजात बोलू द्या. फक्त खोलीतल्या कुणावर बोट नको.

तक्रार, डॉक्टर आणि जिवाचा धोका

तक्रार करायची की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. गट दोन प्रकारे चुकतो: काही गट लगेच मोर्चाची भाषा करतात, काही "करिअरचा विचार कर" म्हणून थंड करतात. दोन्हीत माणसाचा निर्णय दुसऱ्याच्या हातात जातो, आणि आधी झालं तेही तेच होतं. माहिती मात्र हातात पूर्ण द्या. अनुसूचित जाती-जमातींसाठीचा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ च्या समता नियमांत प्रत्येक संस्थेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलं. आपल्या कॉलेजात तो अधिकारी कोण, हे विचारत फिरलो तर बऱ्याचदा कारकुनालाच माहीत नसतं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी अर्ज देऊन नाव मागून ठेवा. तक्रार करायची ठरली तर तारखा, वेळा, कोण हजर होतं हे त्याच रात्री लिहून काढायला मदत करा. हे काम गटात करू नका, वेगळं बसून करा. पुरावा गोळा करण्याची जागा आणि मन मोकळं करण्याची जागा एक झाली की लोक मोजून-मापून बोलायला लागतात.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं? दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, आवाज ऐकू येतात, अभ्यास पार थांबलाय, रोज दारू लागते, तर गट पुरेसा नाही. पाठवण्याआधी आम्ही स्वतः जाऊन त्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटतो आणि एक प्रश्न विचारतो: "एखादी मुलगी म्हणाली की मार्गदर्शक सगळ्यांसमोर माझ्या आडनावावरून बोलतात, तर तुम्ही आधी काय विचाराल?" एकजण म्हणाले, "आधी बघावं लागेल की ती अतिसंवेदनशील तर नाही ना." त्यांना धन्यवाद म्हणून आम्ही खाली उतरलो. दुसऱ्या एका बाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "ते कधीपासून चाललंय ते विचारीन, आणि पुढच्या वेळी त्यांच्यासमोर जायचं आहे का तेही." त्यांच्याकडे आम्ही आजही पाठवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जातीवरून भेदभाव न करता सेवा मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो कलम १८ मध्ये आहे. खासगी परवडत नसेल तर सरकारी दवाखाना, आणि पहिल्यांदा जाताना सोबत एकजण. केसपेपरच्या खिडकीवर आडनाव मोठ्यानं ओरडलं जातं, त्या क्षणी शेजारी आपला माणूस असला की बरं पडतं.

जीव द्यायचा विचार कुणाच्या बोलण्यात डोकावला तर आडून विचारू नका. सरळ विचारा: "आत्महत्येचा विचार मनात येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, गट दुसऱ्याकडे सोपवून चालवणाऱ्यांपैकी एकानं त्याच्यासोबत राहायचं. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. धोका त्या घटकेचा असेल तर ११२ किंवा थेट जवळचा मोठा दवाखाना. घरचे पोलीस केसला घाबरतात, म्हणून हेही सांगा की २०१७ च्या त्याच कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानलं जातं, आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

वही, पैसे आणि चालवणाऱ्याची तब्येत

आमच्या वहीत नावं नाहीत. तारीख, किती जण आले आणि पुढच्या वेळी काय लक्षात ठेवायचं, एवढंच. देणगीदार हजेरीपट मागतात, सह्या मागतात, जात-प्रवर्गाचा रकाना मागतात. आम्ही आकडा देतो, यादी देत नाही. एक देणगी त्यामुळे गेली. व्हॉट्सॲपवर गट असेल तर फक्त वेळ आणि जागा कळवायला ठेवा. मनातलं तिथे लिहू नका, कारण स्क्रीनशॉट कुठे जाईल सांगता येत नाही.

गट चालवणाऱ्या सोबत्यांना पैसे द्या. हे मी ठासून सांगते. आमच्या लोकांना १४ एप्रिलला व्यासपीठावर बोलावून "तुमचा संघर्ष सांगा" म्हणतात, शाल-श्रीफळ देतात आणि बसचं भाडं विचारत नाहीत. समुपदेशकाला तासाचे पैसे आणि ज्याच्या अनुभवावर सगळं उभं आहे त्याला प्रमाणपत्र, हीही एक वेठच झाली. जमेल तेवढं द्या, पण ठरवून, वेळेवर आणि दोघांना सारखं. आणि कुणाही सोबत्याला पाहुण्यांसमोर आपली कहाणी सांगायला लावू नका.

गट संपला की आम्ही दोघं अर्धा तास थांबतो. पेले पुसत पुसत एकमेकांना तीनच गोष्टी विचारतो: कुठे आपलंच काही हललं, कुठे आपण घाई केली, रात्री कुणाची आठवण येणार. ज्यांच्याकडे आम्ही मुलांना पाठवतो, त्या बाईंसोबत महिन्यातून एकदा बसतो. मी सलग दोन मंगळवार चिडचिड करून घरी गेले की तिसरा मंगळवार दुसरी ताई घेते, हे ठरलेलं आहे.

मे महिन्याचं

सुट्टी लागते आणि सगळे गावी जातात. ज्या गावात पहिला मार बसला, त्याच गावात. पहिल्या वर्षी आम्ही याचा विचारच केला नव्हता. मग २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी यांनी जीव दिला. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्राचं पुढचं शिक्षण घेणारी डॉक्टर. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप घरच्यांनी केला. बातमी आली तेव्हा आमचे सगळे नऊच्या नऊ आपापल्या गावी होते, हातात मोबाइल, शेजारी कुणी नाही. एका मुलीनं मला नंतर सांगितलं की तो फोटो ती तीन दिवस बघत होती.

तेव्हापासून परीक्षेच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही जोड्या लावतो. प्रत्येकाला एक सोबती, आठवड्याला एक ठरलेला फोन. वेळ कागदावर लिहून घेतो, आणि फोन कुणाचा, तो घरात कुणाच्या हातात असतो, बोलायला कुठे जाता येतं, तेही. एका मुलीच्या घरी एकच मोबाइल, तोही भावाकडे. म्हणून तिची सोबती मंगळवारी सकाळी साडेसहाला एक मिस्ड कॉल देते. भाऊ तेव्हा झोपलेला असतो. मुलगी मोबाइल आणि कळशी घेऊन हापशावर जाते आणि तिथून उलटा फोन करते. रिचार्जचे पैसे गटाच्या डब्यातून जातात.